गाठीची रसद

परभणी जिल्ह्यातले मानवत कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. हंगामात कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, काट्यावर पाळी येईपर्यंत माणसे ताटकळत राहतात आणि तेवढ्या वेळात तळहातावर तंबाखू-चुना मळला जातो. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण पुड्या काही गेल्या नाहीत. बायकांची मिसरी तर कुणी व्यसनात धरतच नाही. आधी गालात पांढरा चट्टा, मग न भरणारा व्रण, मग घासापुरतेही तोंड न उघडणे आणि शेवटी जबड्याखाली टणक गाठ, हा क्रम मराठवाड्यातल्या गावांच्या चांगला ओळखीचा आहे. भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे, आणि त्यातले पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेची वेळ टळून गेल्यावर डॉक्टरांपुढे येतात.

अशा रुग्णांसाठी मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत दोन गोळ्यांची एक साधी जोडी तपासून पाहिली. एक मेथोट्रेक्सेट, कर्करोगावरच्या सर्वांत जुन्या औषधांपैकी एक. दुसरी सेलेकॉक्सिब, मुळात संधिवाताची. दोन्ही स्वस्त, दोन्ही घरी बसून घेता येण्याजोग्या. या दोघी एकत्र कशा आल्या हे समजून घ्यायचे तर बॉस्टनच्या एका शल्यविशारदाने जन्मभर चालवलेला वाद समजून घ्यावा लागतो. गाठीला रक्त कोण पुरवते आणि ते तोडता येईल का, असा तो वाद होता. त्यातल्या एका गोळीचे मूळ तर खुद्द परळमध्येच सापडते.

गाठीला भरपूर रक्त लागते हे शल्यविशारदांना पहिल्यापासून दिसत होते. गाठीवर सुरी चालवली की रक्त थांबवणे कठीण जाई. 1907 साली जर्मनीतल्या गोल्डमन यांनी गाठींभोवतीच्या रक्तवाहिन्या रंगद्रव्य भरून पाहिल्या. त्या वेड्यावाकड्या आणि दाट होत्या. 1939 साली अमेरिकेत सशाच्या कानात पारदर्शक खिडकी बसवून तिच्यातून गाठीकडे वाढत जाणाऱ्या केशवाहिन्या प्रत्यक्ष पाहिल्या गेल्या. 1945 साली ग्लेन अल्गायर यांनी उंदरांच्या त्वचेत तशीच खिडकी बसवली आणि लिहून ठेवले की गाठीच्या पेशी आजूबाजूच्या वाहिन्यांना वाढायला लावतात, आणि वाहिन्या आल्यावरच गाठीची वाढ वेग घेते. एवढे सगळे कागदावर आलेले असूनही पुढची वीस-पंचवीस वर्षे कुणी त्यातून उपचाराचा विचार केला नाही. सर्वसाधारण समजूत अशी की गाठीभोवतीची लाली म्हणजे सूज, शरीराने दाखवलेली प्रतिक्रिया. जुन्याच वाहिन्या फुगतात, बाकी काही नाही.

ही समजूत हलवली ज्युडा फोकमन यांनी. 1933 साली क्लीव्हलँडमध्ये एका ज्यू धर्मगुरूंच्या घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते वडिलांबरोबर रुग्णालयात आजाऱ्यांच्या भेटीला जात आणि तिथेच त्यांच्या मनाने वैद्यकीची वाट धरली. 1960 साली, शल्यविद्येचे शिक्षण अर्धवट असताना, त्यांना अमेरिकी नौदलात सक्तीच्या सेवेसाठी जावे लागले. महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या जहाजांवर ताजे रक्त टिकवणे अवघड होते. रक्ताऐवजी वापरता येईल असे हिमोग्लोबिनचे द्रावण तयार होते का, हे तपासायचे काम बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात फोकमन आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांच्याकडे आले.

त्यांनी एका प्राण्याची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर काढून काचेच्या पात्रात ठेवली आणि तिच्या वाहिन्यांतून ते द्रावण खेळवत ठेवले. ग्रंथी जिवंत राहिली. द्रावण खरोखर पोषण देते का याची कसोटी म्हणून त्यांनी तिच्यात उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. जिथे पोषण असेल तिथे या पेशी बेफाम वाढतात, हे ठाऊकच होते. पण पात्रातल्या गाठी एक-दोन मिलिमीटरपर्यंत, म्हणजे बाजरीच्या दाण्याहूनही लहान आकारापर्यंत वाढल्या आणि सगळ्या थांबल्या. मेल्या असतील म्हणून त्या काढून पुन्हा उंदरांत रोवल्या, तर त्याच गाठी भराभर वाढून त्यांनी उंदरांचा जीव घेतला. पेशी त्याच होत्या. फरक एकच दिसत होता: जिवंत उंदरात गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या वाढत आल्या होत्या, काचेच्या पात्रात एकही आली नव्हती.

यामागचे गणित सोपे आहे. केशवाहिनीतला प्राणवायू आसपासच्या पेशींत फार तर 100 ते 200 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतकाच पोचतो. त्यापलीकडची पेशी गुदमरते. गाठ जेवढी वाढेल तेवढा तिचा गाभा वाहिनीपासून दूर पडत जातो. म्हणून एका मर्यादेपुढे वाढायचे असेल तर तिला स्वतःसाठी नवी रसद उभारावी लागते. 1728 साली पहिल्या बाजीरावांनी पालखेडला निजामाच्या फौजेशी समोरासमोर लढाई टाळली, तिचे पाणी आणि धान्य तोडले आणि तिला तहाला आणले. फोकमन यांच्या मनात कर्करोगाशी लढण्याची जी रीत तयार होत होती ती याच जातीची होती. तोवरची सगळी औषधे गाठीच्या पेशींना मारू पाहत. फोकमन यांना गाठीला लहान, उपाशी आणि निरुपद्रवी ठेवायचे होते.

1967 साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते बॉस्टनच्या बाल रुग्णालयाचे प्रमुख शल्यविशारद झाले. 18 नोव्हेंबर 1971 रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांचा लेख आला. त्यात त्यांनी सांगितले की गाठ एक रासायनिक घटक सोडते, त्या घटकाच्या हाकेवर शेजारच्या वाहिन्यांना धुमारे फुटतात आणि तो घटक अडवला तर गाठ अडवता येईल. त्यांच्या हाती तो घटक शुद्ध स्वरूपात नव्हता. अडवणारे औषधही नव्हते. रसायनशास्त्रज्ञांना हा शल्यविशारदाचा आगाऊपणा वाटला, शल्यविशारदांना प्रयोगशाळेचा नाद वाटला. निधीचे अर्ज परत आले. ते भाषणाला उभे राहिले की श्रोते उठून जात, असे त्या काळातल्या लोकांनी सांगून ठेवले आहे. विरोधकांचा मुद्दा अगदीच पोकळ होता असे मला वाटत नाही. सुजेतही वाहिन्या वाढतात, जखम भरतानाही वाढतात. मग गाठीचे वेगळे काय? हे दाखवायचे ओझे फोकमन यांच्यावरच होते.

त्यांनी ते सशाच्या डोळ्यात दाखवले. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात कर्करोगाचा सूक्ष्म तुकडा तरंगत ठेवला तर तो आठवडेच्या आठवडे तेवढाच राहतो. तोच बुबुळाच्या पडद्याजवळ नेऊन टेकवला की पडद्यातल्या वाहिन्या त्याला येऊन भिडतात आणि तो झपाट्याने वाढू लागतो. मायकेल गिंब्रोन यांच्यासह केलेला हा प्रयोग 1972 साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी पारदर्शक पटल निवडले, कारण निरोगी पटलात एकही रक्तवाहिनी नसते. पटलात बारीक खिसा करून त्यात गाठीचा कण ठेवायचा. काही दिवसांत डोळ्याच्या कडेच्या वाहिन्यांना कोंब फुटत, ते स्वच्छ पटलातून नेमके त्या कणाच्या दिशेने सरकत आणि कणाला गाठताच तो फुगू लागे. नुसती सूज असती तर वाहिन्यांनी एकच दिशा धरली नसती. आजही या विषयातले हे सर्वांत बोलके दृश्य मानावे लागेल, कारण त्यात गाठ मदत मागताना दिसते.

मग शोध सुरू झाला तो वाहिन्या वाढवणाऱ्या आणि रोखणाऱ्या अशा दोन्ही घटकांचा. कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकाशी असलेल्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्या नसतात. तिच्यात काहीतरी रोखणारे असणार, या तर्काने रॉबर्ट लँगर नावाचा तरुण रसायन अभियंता बॉस्टनच्या कत्तलखान्यांतून गुरांची हाडे आणून ती खरवडत बसे. ढिगाऱ्याने कूर्चा वापरून हाती लागे तो अर्क जेमतेम थेंबभर. 1976 साली त्या अर्काने वाहिन्यांची वाढ थांबते हे त्याने दाखवले. इतका थोडा अर्क डोळ्यात हळूहळू सोडायचा कसा, या अडचणीतून त्याने प्लॅस्टिकसारख्या द्रव्यात औषध कोंडून आठवडेभर झिरपत ठेवण्याची युक्ती काढली. आज शरीरात रोवायच्या कितीतरी औषधांमागे ती युक्ती आहे. 1981 साली फोकमन यांनी प्रमुख शल्यविशारदाचे पद सोडले. शस्त्रक्रिया की प्रयोगशाळा अशी निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी ज्या गोष्टीवर अजून कुणाचा विश्वास नव्हता ती निवडली.

घटक सापडला तो मात्र दुसऱ्यांच्या हाती. 1983 साली बॉस्टनमध्येच हॅरल्ड ड्वोराक यांच्या गटाने गाठीतून एक प्रथिन वेगळे केले. ते वाहिन्यांच्या भिंती झिरपत्या करत होते. 1989 साली कॅलिफोर्नियातल्या जेनेंटेक कंपनीत नेपोलिओने फेरारा यांनी वाहिन्यांच्या पेशींना वाढवणारे प्रथिन शोधले आणि त्याची रचना वाचली. दोन्ही प्रथिने एकच निघाली. त्याचे नाव पडले व्हीईजीएफ. हळूहळू पूर्ण साखळी जुळली. गाठीच्या गाभ्यात प्राणवायू कमी पडतो, पेशीतली प्राणवायूची चाहूल घेणारी यंत्रणा जागी होते आणि व्हीईजीएफ बाहेर सोडले जाते. ते शेजारच्या वाहिनीच्या अस्तरपेशींना चिकटले की त्या पेशी विभागू लागतात आणि गाठीकडे कोंब काढतात. ती चाहूल घेणारी यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना, 2019 साली नोबेल मिळाले. 1993 साली फेरारा यांच्या गटाने दाखवले की या प्रथिनाला बांधून टाकणारे प्रतिपिंड टोचले तर उंदरातल्या गाठीची वाढ मंदावते. फोकमन यांनी 1971 साली जे तर्काने लिहिले होते ते बावीस वर्षांनी उंदरात खरे ठरले.

इथून गोष्टीने भलते वळण घेतले. फोकमन यांच्या प्रयोगशाळेत मायकेल ओरायली यांनी 1994 साली अँजिओस्टॅटिन आणि 1997 साली एंडोस्टॅटिन ही वाहिन्या रोखणारी दोन नैसर्गिक प्रथिने शोधली. उंदरांतल्या मोठ्या गाठी त्यांनी आक्रसून टाकल्या. 3 मे 1998 च्या रविवारी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर ही बातमी आली आणि सोमवारी एंट्रेमेड या छोट्या कंपनीचा 12 डॉलरच्या आसपासचा शेअर 50 च्या पलीकडे जाऊन बंद झाला. बॉस्टनमध्ये फोनचा पाऊस पडला. मरणाच्या दारातले रुग्ण औषध मागत होते आणि औषध नव्हते. हे सगळे अजून फक्त उंदरांत आहे, असे फोकमन पुन:पुन्हा सांगत राहिले. ते ऐकून घेण्याच्या मन:स्थितीत कोणीच नव्हते. एंडोस्टॅटिन माणसांत अपेक्षेप्रमाणे चालले नाही. 2005 साली चीनने त्याच्या एका सुधारित रूपाला मान्यता दिली, एवढेच.

माणसांत चालले ते फेरारा यांचे प्रतिपिंड, बेव्हॅसिझुमॅब. मोठ्या आतड्याचा पसरलेला कर्करोग असलेल्या 813 रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या केमोथेरपीवर मध्यम आयुर्मान 15.6 महिने होते, बेव्हॅसिझुमॅब जोडल्यावर 20.3 महिने झाले. 26 फेब्रुवारी 2004 रोजी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. किंमत महिन्याला सुमारे 4,400 डॉलर. फोकमन यांचा तर्क अखेर औषध म्हणून बाजारात आला होता. पण तो गाठ झोपवून ठेवेल हे स्वप्न मात्र पुरे झाले नाही. गाठीला एक वाट बंद झाली की ती दुसरे घटक वापरून वाहिन्या ओढू लागते. स्तनाच्या कर्करोगासाठी 2008 साली दिलेली घाईची मंजुरी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 18 नोव्हेंबर 2011 रोजी मागे घेतली, कारण आयुष्य वाढल्याचे दिसले नव्हते. फोकमन यांचा लेख प्रसिद्ध झाला त्याला त्या दिवशी नेमकी 40 वर्षे झाली होती. ते स्वतः हे पाहायला नव्हते. 14 जानेवारी 2008 रोजी एका परिषदेला जाताना डेन्व्हरच्या विमानतळावर हृदयविकाराने त्यांचे निधन झाले होते.

माझ्या मते फोकमन यांच्या विचाराचा आपल्याकडच्या गरीब रुग्णाला लागू पडणारा भाग हा प्रतिपिंडाचा नव्हताच. तो होता 2000 साली त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या एका लेखात, ज्याची शेअरबाजाराने दखल घेतली नाही. केमोथेरपी तेव्हा आणि आजही बहुधा अशीच दिली जाते: शरीराला सोसेल तितका मोठा डोस, मग तीन आठवडे विश्रांती. विश्रांतीत रक्तपेशी सावरतात. टिमथी ब्राउडर आणि फोकमन यांनी दाखवले की त्याच विश्रांतीत गाठीच्या वाहिन्याही डागडुजी करून घेतात. औषध लहान डोसात पण थोड्या थोड्या दिवसांनी देत राहिले तर वाहिन्यांना दुरुस्तीला वेळ मिळत नाही. ज्या गाठी औषधाला दाद देईनाशा झाल्या होत्या त्याही उंदरांत या रीतीने आवरल्या, कारण मार गाठीच्या पेशींवर नव्हता, तिच्या वाहिन्यांच्या अस्तरावर होता. त्याच वर्षी टोरांटोत रॉबर्ट कर्बेल यांच्या गटाने दुसऱ्या औषधावर असाच निष्कर्ष काढला. या पद्धतीला मेट्रोनॉमिक उपचार म्हणतात. तिला नवे औषध लागत नव्हते. जुनी, पेटंट संपलेली, पैशापासरी मिळणारी औषधे चालणार होती. म्हणूनच कोणत्याही मोठ्या कंपनीला तिच्यात रस नव्हता.

आता परळकडे यायला हवे, आणि त्यासाठी थोडे मागे. 1928 साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगाने मरत होत्या. त्याचे कारण शोधायचे होते. परळच्या हाफकिन संस्थेत बसून, बायकांच्या जेवणाची पाहणी करून आणि उंदीर-माकडांवर प्रयोग करून त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले की हा आजार यीस्टच्या अर्काने, साध्या मार्माइटने, बरा होतो. त्या अर्कातला घटक म्हणजे फॉलिक आम्ल हे पुढे कळले. त्याच 1931 साली लेडी मेहेरबाई टाटा परदेशात उपचार घेत असताना रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या पश्चात त्यांचे पती दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळलाच 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. हाफकिन संस्थेपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

फॉलिक आम्ल पेशींच्या वाढीला लागते, तर त्याची नक्कल करून पेशींना फसवता येईल का? आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव लेडर्ली कंपनीत फॉलिक आम्लावर काम करत होते. त्यांच्या गटाने अशी नक्कल बनवली. बॉस्टनच्या बाल रुग्णालयात सिडनी फार्बर यांनी ती रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिली आणि 1948 साली लिहिले की 16 पैकी 10 मुलांना तात्पुरता का होईना, आराम पडला. त्याआधी या आजारावर काहीही नव्हते. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. याच घराण्यातली सुधारित नक्कल म्हणजे मेथोट्रेक्सेट. फार्बर यांच्या त्याच रुग्णालयात एकोणीस वर्षांनी फोकमन प्रमुख शल्यविशारद म्हणून आले. मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांच्या पंडुरोगातून निघालेली एक वाट बॉस्टनमध्ये कर्करोगाच्या औषधाला जाऊन मिळाली होती, आणि वाहिन्यांची वाट त्याच रुग्णालयातून पुढे गेली.

टाटा रुग्णालयात मेट्रोनॉमिक पद्धत आधी लहान मुलांच्या विभागात रुजली. डॉ. श्रीपाद बनवली यांनी तिचा पाठपुरावा केला आणि फ्रान्समधल्या निकोला आंद्रे यांच्यासारख्यांबरोबर गरीब देशांसाठी ती जगापुढे मांडली. तोंड-घशाच्या कर्करोगात तिची निकड अधिक होती. त्याचे कारण मानवतहून निघणाऱ्या रुग्णाच्या प्रवासात दिसते. 1956 पर्यंत परभणी हैदराबाद राज्यात होते आणि 1955 साली कर्करोगाचे सरकारी रुग्णालय सुरू झाले ते हैदराबादला. 1982 साली बार्शीला ग्रामीण कर्करोग रुग्णालय आले, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय 2012 साली. तरी आजही शेवटची आशा म्हणून माणसे परभणीहून रात्रीची गाडी धरतात, दादरला उतरतात, गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळते का पाहतात आणि नाही मिळाली तर परळच्या फूटपाथवर पथारी टाकतात. प्रमाणित उपचार होता शिरेतून दिले जाणारे केमोथेरपीचे औषध सिस्प्लॅटिन: दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात येणे, मूत्रपिंड जपण्यासाठी सलाइनच्या बाटल्या, उलट्या, रक्तपेशी खाली जाणे. रुग्णाबरोबर एक घरचा माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडालेली. आणि हे सगळे अशा आजारासाठी जो बरा होणार नाही हे डॉक्टरांना आधीच माहीत आहे.

विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून एक अगदी थेट प्रश्न विचारला. सिस्प्लॅटिनऐवजी या लोकांना घरी गोळ्या दिल्या तर ते कमी जगतील का? 110 रुग्णांच्या छोट्या चाचणीने 2015 साली आशा दाखवली. मग मे 2016 ते जानेवारी 2020 या काळात 422 रुग्ण मोठ्या चाचणीत घेतले गेले. निम्म्यांना सिस्प्लॅटिन. निम्म्यांना सेलेकॉक्सिब 200 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि मेथोट्रेक्सेट शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागामागे 15 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच. सडपातळ बांध्याच्या माणसाला हे साधारण 24 मिलिग्रॅम पडते. पट्टीवर अडीच मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर एका वारी दहाच्या आसपास गोळ्या आणि बाकी सहा दिवस एकही नाही. वार चुकून गोळी रोज घेतली गेली तर जिवावर बेतते, इतके हे औषध कडक आहे. म्हणून घरातल्या एका माणसाने वार पक्का धरून ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

2020 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये निकाल आला. सिस्प्लॅटिनवरचे मध्यम आयुर्मान 6.1 महिने, गोळ्यांवरचे 7.5. गंभीर त्रास सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांत 30 टक्के, गोळ्या घेणाऱ्यांत 19 टक्के. गोळ्या कमी पडत नाहीत एवढेच सिद्ध करायचे होते, त्या थोड्या सरसच ठरल्या. महिना-दीड महिना म्हणजे काही मोठी मजल नव्हे, हे मान्यच. पण तो वेळ रुग्णाने सलाइन लावून नव्हे, आपल्या घरी काढला, आणि उपचारासाठी शेत गहाण पडले नाही. हा लाभ कोणत्याही आयुर्मानाच्या आलेखात दिसत नाही, आणि मला तो मोठा वाटतो. असा प्रश्न श्रीमंत देशांत विचारला जाण्याची शक्यताच नव्हती. इथे तो विचारला गेला, कारण दररोज समोर येणाऱ्या रुग्णाची ऐपत डॉक्टरांना माहीत होती.

या गोळ्या नेमके काय करतात? सेलेकॉक्सिब सुजेची साखळी तोडते आणि त्यामुळे गाठीतून सुटणारे व्हीईजीएफ कमी होते. लहान डोसातले मेथोट्रेक्सेट वाहिन्यांच्या विभागणाऱ्या अस्तरपेशींना आणि गाठीच्या पेशींना, दोघांनाही गाठते. प्रतिकारशक्तीवरचा दाबही थोडा सैल होतो. एकट्या रसदीवर सगळे श्रेय टाकता येत नाही. आणि एक गोष्ट नि:संदिग्धपणे सांगायला हवी: या चाचण्या ज्यांचा आजार शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला होता किंवा उलटून पसरला होता, अशांवरच झाल्या. ज्याचे ऑपरेशन होऊ शकते त्याने या गोळ्यांच्या भरवशावर ते पुढे ढकलले तर तो बरे होण्याची संधी घालवतो.

यानंतरचा टप्पा वाहिन्या आणि प्रतिकारशक्ती यांना जोडणारा आहे. बॉस्टनमध्ये काम करणारे, मूळचे ललितपूरचे राकेश जैन 2001 पासून मांडत आले की गाठीच्या वाहिन्या वाकड्या आणि गळक्या असतात. त्यांतून ना औषध नीट आत जाते ना प्रतिकारपेशी. वाहिन्यांची वाढ हलक्या हाताने आवरली तर उरलेल्या वाहिन्या काही काळ सरळ होतात आणि आतली वाट मोकळी होते. म्हणजे रसद पुरती तोडण्यापेक्षा तिला शिस्त लावणे कधीकधी अधिक उपयोगाचे. प्रतिकारशक्ती जागवणारी नवी औषधे मात्र विकसनशील देशांतल्या जेमतेम 1 ते 3 टक्के रुग्णांच्या आवाक्यात होती.

टाटा रुग्णालयातल्या त्याच गटाने 151 रुग्णांत मेट्रोनॉमिक गोळ्यांना या नव्या औषधांपैकी निव्होलुमॅब जोडून पाहिले. या वेळी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबबरोबर एर्लोटिनिब ही तिसरी गोळीही होती. निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले रुग्ण 16.3 टक्के होते, निव्होलुमॅब जोडल्यावर 43.4 टक्के. मध्यम आयुर्मान 6.7 वरून 10.1 महिन्यांवर गेले. चाचणीत पूर्ण डोसाचा तिसरा गट नव्हता, कारण तेवढे औषध घेणे त्या रुग्णांना परवडणारेच नव्हते. त्यामुळे 20 मिलिग्रॅम हे 240 च्या तोडीचे आहे की नाही याचे उत्तर त्या आकड्यांत नाही. त्यासाठी दोन्ही डोस समोरासमोर ठेवणारी चाचणी लागेल, आणि ज्या कंपनीचे औषध अठरा पटीने कमी खपेल ती कंपनी अशा चाचणीला पैसे देणार नाही. ते काम सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांनाच करावे लागणार आहे.